आर्ट थेरपी: शाळकरी मुलांना तिचा उपयोग कसा होतो?

सिंगापूरमधल्या मराठी मुलाच्या दिवसात किती भाषा असतात, ते मोजून पाहा. शाळेत इंग्रजी, घरी मराठी आणि ‘मदर टंग’ म्हणून अनेकदा हिंदी. कारण भारतीय भाषांपैकी तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांना इथे शालेय विषयाची मान्यता आहे, मराठीला नाही. त्यात सहावीच्या शेवटी पीएसएलईची परीक्षा. अशा मुलाला भीती वाटली, तर ती ते कोणत्या भाषेत सांगणार?

अशा वेळी आर्ट थेरपी, म्हणजेच कलोपचार, मदतीला येतो. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केला. क्षयरोगातून बरे होताना चित्रे काढल्याने मनाला उभारी येते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. सिंगापूरच्या लासाल कला महाविद्यालयात २००६ पासून या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

चित्रकलेच्या तासाला चित्र कसे जमले ते पाहतात. कलोपचारात चित्र काढताना मुलाला काय वाटते ते पाहतात. गुण नाहीत, स्पर्धा नाही. भीती कागदावर उतरली की तिच्याकडे जरा लांबून पाहता येते. ‘तुला कसली भीती वाटते?’ यापेक्षा ‘या राक्षसाला काय हवंय?’ या प्रश्नाचे उत्तर देणे मुलाला सोपे जाते.

याला पुरावा काय? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटे कलाकृती करायला दिली. आधी आणि नंतर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजले. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते घटले. कलेचा पूर्वानुभव असो वा नसो. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळे प्रौढ होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ‘कलोपचाराने मुलांचे गुण वाढतात’ असे कुणी सांगितले, तर सावध राहा.

उपचार प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचा. घरी तुम्ही एवढे करा: ‘हे काय काढलंस?’ऐवजी ‘याची गोष्ट सांग ना’ म्हणा. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी आहे, असा अर्थ लावू नका. चित्र सुधारून देऊ नका आणि मुलाला न विचारता व्हॉट्सॲपवर टाकू नका. झोप किंवा भूक बिघडली, शाळेत जाणे नकोसे झाले आणि असे काही आठवडे चालले, तर शाळेच्या समुपदेशकांना जरूर भेटा.