जुनें पेट्रोल-एंजिन अडखळूं लागल्यास दोष कसा शोधावा

पातूरच्या डोंगरपायथ्यास आणि मोर्णेच्या खोऱ्यांत ज्यांच्याकडे पाणी उपसण्याचें जुनें पेट्रोल-घासलेटचें एंजिन किंवा पाठीवरील फवाऱ्याचें यंत्र अद्याप कामांत आहे, त्यांच्यासाठीं हा लेख आहे. हरभऱ्याच्या पाण्याची पाळी व कपाशीवरील फवारणी कोणासाठीं थांबत नाहीं. ऐन वेळीं एंजिन अडखळलें म्हणजे मालक आधीं प्लग बदलतो, मग कॉइल, शेवटीं कार्बोरेटर. अकोल्याच्या फेऱ्या होतात, पैसा जातो, आणि दोष कित्येकदां टाकीच्या झाकणांतील बुजलेल्या भोंकाचाच निघतो. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. यंत्रासही तोच नियम लावावा. आधीं परीक्षा, मग दुरुस्ती, आणि एका वेळीं एकाच भागास हात, हें आमचें मुख्य सांगणें आहे.

एंजिनास चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, दाब व नेमक्या क्षणीं ठिणगी. वजनानें पाहतां एक भाग पेट्रोल नीट जळण्यास सुमारें १५ भाग हवा लागते. ह्या चारांपैकीं उणें काय, हें पुढील क्रमानें ठरवावें.

पहिली परीक्षा प्लगची. एंजिन अडखळत असतांनाच बंद करावें व निवल्यावर प्लग काढून पहावा. तोंड फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक समजावें. कोरडी काजळी असल्यास पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोक अर्धवट लागलेला असतो, अथवा हवेची जाळी धुळीनें तुंबलेली असते. तोंड पांढरें पडल्यास इंधन कमी पडतें किंवा एंजिन फार तापतें. तेलकट ओल असल्यास रिंगा झिजल्या, अथवा दोन स्ट्रोकच्या यंत्रांत तेल जास्त मिसळलें गेलें. प्लग नुसत्या पेट्रोलानें भिजला असेल तर इंधन पोहोंचतें पण पेटत नाहीं. तेव्हां ठिणगीकडे वळावें.

दुसरी परीक्षा ठिणगीची. तोटी बंद करून सांडलेलें पेट्रोल पुसून काढावें. प्लग तारेस जोडून, त्याचें लोखंडी अंग प्लगच्या भोंकापासून दूर, सिलिंडरच्या उघड्या धातूस टेकवावें व दोरी ओढावी. दाब हजारों व्होल्टचा असल्यानें प्लग उघड्या हातांत धरूं नये. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. तांबूस व बारीक ती अशक्त. नव्या प्लगानेंही ती सुधारली नाहीं तर पॉइंट पुसून त्यांतील फट मोजावी. पुष्कळ यंत्रांत ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि प्लगची ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. तथापि यंत्राच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरचा संशय घ्यावा.

एंजिन थंड असतां नीट चालून तापल्यावर बंद पडत असेल, तर कॉइल मोडींत काढण्यापूर्वीं टाकीचें झाकण सैल करून पहावें. तेवढ्यानें चालूं लागलें तर झाकणांतील हवेचें भोंक मोकळें करावें. नवी कॉइल लागणार नाहीं.

तिसरी परीक्षा इंधनाची. कार्बोरेटरांतून उलट ठुसके येत असल्यास इंधन बहुधा कमी पडतें. सायलेन्सरांत बार होत असल्यास न पेटलेलें मिश्रण तेथें जाऊन जळतें; ठिणगी मधूनमधून चुकते, किंवा एक्झॉस्टचा व्हाल्व्ह गळतो. फ्लोटच्या वाटींतील इंधन कांचेच्या भांड्यांत काढावें. पाणी असल्यास तळाशीं दिसतें. जेट फुंकून साफ करावा, त्यांत लोखंडी तार घालूं नये. २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊं लागलें. इथेनॉल ओल शोषून घेतें, जुन्या रबरी नळ्या फुगवतें, आणि जुन्या जेटवर मिश्रणांत इंधनाचें प्रमाण थोडें उणें पाडतें. म्हणून हंगाम संपतांच टाकी व कार्बोरेटर रिकामीं करावीं.

घासलेटाचें एंजिन पेट्रोलावर सुरू करून पुरतें तापल्यावरच घासलेटावर न्यावें, आणि बंद करण्यापूर्वीं पुन्हां पेट्रोलावर आणावें. थंड एंजिनांत घासलेटाची वाफ नीट होत नाहीं. तें रिंगांवरून उतरून वंगण पातळ करतें.

शेवटीं दाब. ठिणगी व इंधन ठीक असूनही जोर नसेल तर प्लग घट्ट बसवून दोरी हळू ओढावी. चक्र कोठेंही न अडतां सहज फिरलें तर व्हाल्व्ह किंवा रिंगा गळतात. हें काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें.

एक नवा प्लग, फट मोजण्याच्या पट्ट्या व एक लहान वही यंत्राजवळ ठेवावी. कोणत्या दिवशीं कोणता दोष निघाला व कशानें गेला, हें वहींत लिहीत गेल्यास पुढील हंगामीं अर्धा शोध घरींच लागेल, आणि पिकाची पाळी चुकणार नाहीं.