प्रमाणपत्र आणि तयारी



आपल्या घरांतील मुले-मुली डी.एल.एड.ला, नर्सिंगला जातात. आईवडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पण प्रमाणपत्र हाती आले म्हणजे शिकवण्याची, शुश्रूषेची तयारी झाली का?

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. शरीराची स्वतःची शक्ती रोग्याला बरे करते, वैद्य तिला हातभार लावतो. शिक्षकही मुलाच्या बुद्धीला असाच हातभार लावतो. म्हणून विद्या तर हवीच. पण समोरचा माणूसही ओळखता आला पाहिजे.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यांवरची आदिवासी मुले मात्र येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती 'अंगणवाडी'. गुरे राखणाऱ्यांसाठी 'कुरणशाळा' झाली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले. त्यांचे शिक्षण वाया गेले नाही. अंगणात गेल्यावर ते पुरे झाले.

आपल्या साक्री तालुक्यातही कितीतरी मुले घरी अहिराणी, कोकणी, भिली बोलतात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. रोगीही आपले दुखणे आपल्याच बोलीत सांगतो. विद्यार्थ्यांनो, सुटीत गावी आलात की पाड्यावर जाऊन बसा आणि ऐका. आणि पालकहो, मार्कांबरोबर तेही विचारा.