भाजीची वाटी आधी वेगळी काढ

अगं, दिवस राहिलेत कळलं की जो तो तुला ‘दोन जिवांचं खा’ म्हणेल. हो म्हण, पण दुप्पट खाऊ नकोस. पहिले तीन महिने पोटात टिकेल ते थोडं थोडं खा. चौथ्यापासून रोजच्या जेवणावर एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध वाढलं की पुरे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचं खाणं आणि बाळांची वजनं टिपली. नुसतं पोटभर खाण्याशी बाळाच्या वाढीचा मेळ लागेना. दूध, पालेभाज्या आणि फळं खाणाऱ्यांची बाळं मात्र भरलेली निघाली. म्हणून मेथी, चाकवत, शेपू, राजगिरा, जे बाजारात स्वस्त असेल ते रोज खा. आपल्या घरात सून शेवटी जेवते आणि तोवर कढईत नुसता रस्सा उरतो, म्हणून तुझी वाटी आधीच काढून ठेव. यात लाज कसली? पेरू, केळं, चिकू चालतं. पिकलेल्या पपईचा बाऊ नको, कच्ची टाळ.

त्याच गावांत निम्म्याहून जास्त बायांच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व कमी निघालं. ते पालेभाजीत नसतं. अंडी-मासे खात नसलीस तर दूध-दही सोडू नकोस आणि डॉक्टरांना विचार.

लोहाची लाल गोळी लिंबूपाण्यासोबत घे. तिच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या डब्यात दडवणाऱ्या मी प्रसूतिगृहातल्या नोकरीत पुष्कळ पाहिल्यात. फार मळमळलं तर रात्री जेवणानंतर घे, पण घे.

आणि हे नीट ऐक. सातवा लागला की कुणी म्हणेल, ‘जेवणात हात आखड, बाळ मोठं झालं तर अडेल.’ साफ चूक. बाळाचं निम्म्याहून जास्त वजन याच शेवटच्या तीन महिन्यांत चढतं. अडीच किलोच्या आतलं बाळ सांभाळताना काय हाल होतात, ते मी प्रसूतिगृहात पाहिलंय. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तर गोष्ट वेगळी.

शेतातलं जड काम आणि डोक्यावरच्या पाण्याच्या खेपा याही बाळाच्या वाट्याचं खातात. पाणी नवऱ्याला भरू दे. कुरकुरला तर फोन मला लावून दे.