कावळ्यांची शोकसभा की पंचनामा?

प्रश्न : आमच्या इमारतीसमोर विजेच्या तारेला चिकटून एक कावळा मेला. बघताबघता पन्नासेक कावळे जमले आणि त्यांनी नुसता कालवा केला. वॉचमनकाकांनी तो उचलून टाकला, तर आता ते काकांच्याच डोक्यावर झेपावतात. याला दुःख म्हणायचं का? आणि काकांचा गुन्हा काय?

उत्तर : गुन्हा एवढाच, की मेलेल्या कावळ्यापाशी काका दिसले. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी हाच प्रसंग मुद्दाम घडवून आणला होता. आधी ठरलेल्या जागी खाणं टाकून कावळ्यांना सवय लावली. मग रबरी मुखवटा घातलेला माणूस पेंढा भरलेला कावळा हातात धरून तिथे उभा राहिला. कावळे गोळा झाले, कावकाव करून त्यांनी आसमंत डोक्यावर घेतला आणि पुढचे काही दिवस त्या खाण्याकडे यायला ते कचरत राहिले. नंतर तोच मुखवटा रिकाम्या हातांनी आला तरी त्याच्यावर ओरडणं सुरूच, तेही सहा आठवड्यांपर्यंत. हातात मेलेलं कबूतर असलं, तर मात्र फारसं कुणी बिथरत नसे. 2015 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणजे ही गर्दी पंचनाम्याची. इथे धोका कसला, संशयित कोण, हे सगळे मिळून टिपून घेतात. ते कावळे अमेरिकी जातीचे, आपला गावकावळा वेगळा. पण काकांचा अनुभव तंतोतंत जुळतो.

मग दुःख नाहीच? इतकी घाई नको. मुंग्यांच्या बाबतीत तसं म्हणता येतं. मेलेल्या मुंगीच्या अंगावर ओलेइक आम्ल तयार होतं. ई. ओ. विल्सन यांनी त्याचा थेंब जिवंत मुंगीला लावला, तर बाकीच्यांनी तिला पाय झाडत असतानाच उकिरड्यावर नेऊन टाकलं! पण 2018 मध्ये टालेक्वा नावाच्या ओर्का मादीने मेलेलं पिल्लू 17 दिवस पाण्यावर तोलून धरलं. टांझानियातल्या गोम्बेमध्ये 1972 साली फ्लो ही चिंपांझी मादी वारली. तिचा आठ वर्षांचा फ्लिंट खाणंपिणं सोडून महिन्याभरात गेला. जेन गुडाल यांनी त्याला शोकच म्हटलं. मीही तेच म्हणेन.

कावळ्यांच्या प्रयोगात एक गोष्ट सहज निसटते. पेंढा भरलेला कावळा त्या कावळ्यांना परका होता. त्यातून भीती मोजली गेली, दुःखाची परीक्षा झालीच नाही. कावळे वर्षानुवर्षं जोडीने राहतात. तुमच्या पन्नासांत त्याचा जोडीदार असेल, तर त्याचं काय झालं हे वेगळं पाहावं लागेल.

काकांनी महिना-दीड महिना छत्री बाळगावी. टोपी घालून फसवता येणार नाही. मार्झलफ यांच्या कावळ्यांनी टोपीखालचा चेहराही ओळखला होता.