तालिकेतील नोंद व सहभागी व्यक्तींची भूमिका

ग्रंथ हा बहुधा एकट्या लेखकाच्या श्रमाने सिद्ध होत नाही. अनुवादक, संपादक, संकलक, चित्रकार, प्रस्तावनाकार अशा अनेकांचा त्यास हातभार लागतो. यांपैकी कोणाच्या नावापुढे त्याची भूमिका लिहावी, हा प्रश्न तालिका तयार करताना वारंवार उद्भवतो.

नियमांनी या बाबतीत ग्रंथालयास मोकळीक दिली आहे. आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या १९७८ च्या दुसऱ्या आवृत्तीत भूमिकादर्शक शब्द जोडणे ऐच्छिक होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरडीए' या संहितेने अशा शब्दांची विस्तृत यादी दिली, तरी त्यांचा वापर सक्तीचा केला नाही. म्हणून निर्णयाची कसोटी ग्रंथपालाने स्वतः ठरविणे अगत्याचे आहे.

पहिली कसोटी वाचकाची गरज ही होय. 'एका कोळियाने' हा अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद आहे. नोंदीत दोन्ही नावे भूमिकेविना आली, तर मूळ लेखक कोण हे वाचकास उमगत नाही. महादेवशास्त्री जोशी यांच्या नावापुढे 'संपादक' हा शब्द नसेल, तर दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' त्यांनी एकट्यानेच लिहिला, असा समज होण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी भूमिका अवश्य नोंदवावी. बालवाङ्मयात चित्रांचे महत्त्व मजकुराइतकेच असल्याने चित्रकाराचीही नोंद करावी. कादंबरीच्या वेष्टनाचे चित्र काढणाऱ्याची नोंद मात्र सामान्यतः आवश्यक नसते. प्रस्तावना स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेची असेल, तरच प्रस्तावनाकाराचे नाव घ्यावे.

दुसरी कसोटी खात्रीची. शीर्षकपृष्ठावर उल्लेख नसेल तर त्याची मागील बाजू व प्रस्तावना पाहावी. तेवढ्यानेही उलगडा न झाल्यास नाव लिहून भूमिका मोकळी ठेवावी. तर्काने लिहू नये. एका ग्रंथालयाची नोंद दुसरे ग्रंथालय उतरवून घेते आणि चूक सर्वत्र पसरते.

तिसरी कसोटी एकवाक्यतेची. एका नोंदीत 'अनुवादक' व दुसरीत 'भाषांतरकार' असे लिहिल्यास संगणक त्यांना निरनिराळे शब्द समजतो आणि शोध अपुरा राहतो. यास्तव एकच शब्द ठरवून तो सर्वत्र वापरावा.

गावच्या ग्रंथालयात बहुधा एकच व्यक्ती सर्व कामे पाहते. तिला प्रत्येक सहभागी व्यक्तीची नोंद करणे शक्य नाही व तशी आवश्यकताही नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले सूत्र ध्यानी ठेवल्यास कोणती भूमिका लिहावी व कोणती वगळावी, याचा निर्णय सुकर होतो.