कुडपणहून नाण्यांच्या प्रदर्शनाला : खर्च किती, आरक्षण कधी

नाण्यांच्या प्रदर्शनाला जायला किती खर्च येतो, असे विचारले की समोरचा एसटीचे भाडे सांगून मोकळा होतो. पण कुडपण-पोलादपूरकडून निघणाऱ्याच्या खिशाला भाडे तेवढे लागत नाही, लागतो तो मुक्काम. ती एक रात्र वाचवायची म्हणून काही जण पहाटे घर सोडतात आणि दुपारी हॉलवर पोचतात. तोवर डीलर मंडळींनी आपापसांत खरेदी उरकलेली असते. चांगला माल पहिल्या दिवशी सकाळीच हलतो. म्हणून माझा सल्ला असा, की रात्र वाचवायचीच असेल तर शेवटची वाचवा, आदल्या दिवशीची नको.

रायगड किल्ला शेजारच्या महाड तालुक्यातला, त्यामुळे इकडचा संग्राहक बहुधा शिवराईपासून सुरुवात करतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेला तो तांब्याचा पैसा. जवळचे मोठे ठिकाण म्हणजे पुणे. इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स या संस्थेचे ‘कॉइनेक्स पुणे’ हे प्रदर्शन कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये भरत आले आहे. अशा प्रदर्शनांना प्रवेश बहुतेकदा मोफत असतो, म्हणजे खर्च सगळा बाहेरचाच. तारीख आयोजकांकडूनच पक्की करून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणारे पत्रक कधी कधी मागच्या वर्षीचे असते.

आता भाडे. २५ जानेवारी २०२५ पासूनच्या दरवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये पडतात. महाबळेश्वर-वाईवरून जा नाहीतर महाड-माणगावला येऊन ताम्हिणीतून जा, पोलादपूर ते पुणे साधारण १६० किलोमीटर भरते. म्हणजे २७ टप्पे, पावणेतीनशेच्या आसपास. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. वरंध घाटातून अंतर कमी आहे, पण तो घाट अधूनमधून बंद असतो, त्याच्या भरवशावर बेत आखू नका. १ जुलै २०२५ पासून एसटीने १५० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला आगाऊ आरक्षणावर १५ टक्के सवलत जाहीर केली. ती पूर्ण तिकीट काढणाऱ्यांनाच आहे, आणि दिवाळी व उन्हाळी सुट्टीचे दिवस त्यातून वगळले आहेत. कुडपणहून पोलादपूरला उतरायला वस्तीची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर स्पेशल रिक्षा. तिचे भाडे आदल्या दिवशीच ठरवून टाका. सकाळी बॅग हातात घेऊन घासाघीस होत नाही.

स्वारगेटला उतरल्यावर रिक्षावाल्याच्या तोंडी लागू नका. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात बदलून वनाजकडच्या गाडीत बसले की कर्वे रस्ता येतो.

मुक्कामासाठी फोन करताना पहिला प्रश्न भाड्याचा नको. खोली चोवीस तासांची की दुपारी बाराची, हे आधी विचारा. स्टँडजवळची पुष्कळ लॉज चोवीस तासांच्या हिशेबाने चालतात. संध्याकाळी सहाला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत ती तुमची, आणि सामान खोलीत ठेवून दिवसभर हॉलमध्ये फिरता येते. दुपारी बाराचा नियम असेल तर ऐन गर्दीच्या वेळी प्रदर्शन सोडून खोली रिकामी करायला पळावे लागते, किंवा दुसऱ्या दिवसाचे भाडे भरावे लागते. दुसरा प्रश्न कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. १,८०० ची खोली १,८९० ला पडायला हवी. कोणी जुन्या सवयीने १२ टक्के लावले तर बिल मागा. तिसरा प्रश्न, बेत रद्द केला तर पैसे परत किती आणि कोणत्या दिवसापर्यंत. ॲपवर स्वस्त दिसणारी खोली बऱ्याचदा परतावा नसलेली असते. प्रदर्शनाची तारीख अजून सरकू शकते असे वाटत असेल, तर शंभर-दोनशे जास्त देऊन रद्द करता येणारी खोली घेणे शहाणपणाचे.

एका माणसाचा हिशेब मांडून बघू. गाव ते पोलादपूर जाऊन-येऊन एसटीने शंभर-सव्वाशे, पोलादपूर-पुणे दोन्ही वेळचे ५५०, खोली १,८९०, दोन दिवसांचे खाणे साडेसहाशे, शहरातली फिरती सव्वाशे. बेरीज ३,३०० च्या घरात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या खोलीची. जोडीदार संग्राहक मिळाला आणि खोली वाटून घेतली की तोच खर्च माणशी २,४०० वर येतो. एसटीची कुठलीही सवलत एवढे वाचवत नाही. फक्त घोरणारा आहे का, ते आधी पाहून घ्या.

मुंबईचा हिशेब वेगळा. टपाल तिकिटांचे ‘महापेक्स २०२५’ प्रदर्शन २२ ते २५ जानेवारीला कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये भरले होते. शेवटच्या दिवशी पाहून जे घरी परतले, त्यांना एसटीचे नवे भाडे नेमके त्याच दिवशी लागले. पोलादपूर-मुंबई साधारण १९० किलोमीटर, म्हणजे सव्वातीनशे. कोकण रेल्वेने जायचे तर वीर स्टेशन जवळचे, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, नोव्हेंबर २०२४ पूर्वीची १२० दिवसांची मुदत आता नाही. आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले नसेल तर खिडकी उघडल्या-उघडल्या तुमचा नंबर लागत नाही, ते काम महिनाभर आधी करून ठेवा. दक्षिण मुंबईत लॉज घेण्याच्या फंदात न पडलेले बरे. पोलादपूर तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मुंबईला असतो. काकांकडे, आतेकडे दोन रात्री सहज निघतात, जाताना तांदूळ आणि नाचणीचे पीठ न्यावे म्हणजे झाले. दादरला उतरलात तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते.

खरेदीचे पैसे प्रवासाच्या पैशांत मिसळू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. लिलावात बोली लावणार असाल तर बोलीवर कमिशन आणि कर किती, हे हात वर करण्याआधी विचारा. घरची नाणी दाखवायला नेत असाल तर एकेक होल्डरमध्ये घालून अंगावरच्या पिशवीत ठेवा, टपावरच्या किंवा डिकीतल्या बॅगेत नको. आणि चिंच लावून ती लखलखीत करू नका. तांब्यावरचा काळपट थर गेला की भिंगातून बघणारा डीलर मान हलवतो आणि किंमत तिथेच निम्मी होते. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी मात्र प्रदर्शनात नेऊन विकायची नाहीत. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

परतीचे तिकीट जातानाच काढा, आणि गाडी अशी निवडा की पोलादपूरला उजेडात पोचाल. रात्री स्टँडवर उतरलात तर कुडपणचा चढ चढायला रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते, आणि पुण्यात मेट्रोने वाचवलेले सगळे तिथे जाते.