स्विचच्या मांडणीची नोंद व तिची प्रत

शाळेतील संगणक एकमेकांस जोडणाऱ्या स्विचमध्ये शिक्षकाने केलेला बदल तत्काळ अमलात येतो. त्यामुळे काम पुरे झाले असा समज होतो. तो खरा नव्हे. सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये चालू मांडणी 'रॅम' या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज जाताच ती फळ्यावरील अक्षरांप्रमाणे पुसली जाते, आणि खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यास्तव प्रत्येक बदलानंतर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. मग ती मांडणी विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत उतरते, व स्विच पुन्हा सुरू होताना तेथूनच वाचली जाते.

मात्र ही नोंद स्विचच्याच पोटात असते; यंत्र जळाले तर तीही गेलीच. म्हणून 'शो रनिंग-कॉन्फिग' या आज्ञेने पडद्यावर येणारा मजकूर संगणकावरील फाइलीत उतरवून घ्यावा. फाइलीच्या नावात तारीख घालावी आणि जुनी प्रत पुसू नये; नवा बदल चुकला तर पूर्वीची मांडणी तिच्यावरूनच पुन्हा बसविता येते. या फाइलीत परवलीचे शब्दही असतात, काही वेळा तर उघड लिहिलेले. विद्यार्थ्यांच्या हाताखालील संगणकावर ती ठेवू नये.